हँडलवरचा लाल डाग

१

गिलियन ऑर्मरॉडच्या सायकलच्या ब्रेकला कोणीतरी तेल लावले होते.

दसऱ्याच्या दिवशी, शनिवारी, मेलबर्नजवळच्या बाकस मार्शच्या पुढच्या डोंगरात बायकांची शर्यत होती. पहिल्याच उतारावर गिलियनने ब्रेक दाबले. ते लागले नाहीत, आणि ती वळणावरच्या कठड्यावरून खाली गेली. खुब्याचे हाड मोडले, खांद्याचे मोडले. जीव वाचला, पण तिच्या शर्यती संपल्या.

गिलियन इंग्लंडची, लँकशायरच्या एका गिरणीगावातली. जवळजवळ पंधरा वर्षे ती युरोपात शर्यती करत होती, तरी तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. सायकलच्या टीममध्ये एकीने जिंकायचे असते आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी राबायचे असते. गिलियन राबणाऱ्यांतली. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून लीडरला द्यायच्या. एकदा स्पेनमध्ये ती एकटी सगळ्यांच्या पुढे होती, तेव्हा गाडीतून हुकूम आला की थांब, आपली लीडर मागे पडली आहे. ती थांबली. तिची टीम बंद पडली तेव्हा ती मेलबर्नला आली आणि तिथल्या आमच्या वेरिबी उपनगरात, आमच्या ओळखीच्या अजितच्या घरामागच्या छोट्या स्वतंत्र युनिटमध्ये भाड्याने राहू लागली. या शर्यतीत ती पहिल्या तिघींत आली असती, तर मेलबर्नची एक टीम तिला जानेवारीच्या मोसमासाठी लीडर म्हणून घेणार होती. पहिल्यांदाच दुसऱ्या मुली तिच्यासाठी वारा खाणार होत्या.

हे सगळे मला ठाऊक, कारण माझी मुलगी मेधा सायकल क्लबची उपाध्यक्ष आहे. ती डॉक्टर आहे आणि मी तिच्याकडेच राहतो.

अपघातानंतरच्या मंगळवारी सकाळीच यतीन आमच्याकडे आला. मूळचा नाशिकचा. इथे शिकायला आला, मग सायकलच्या दुकानात लागला, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली. गिलियनची सायकल तोच बघायचा, आणि शर्यतीच्या आदल्या दुपारी, शुक्रवारी, अजितच्या गॅरेजात त्यानेच तिच्या ब्रेकमधले तेल बदलले होते. या सायकलींच्या ब्रेकच्या नळीत तेल असते. ते आत असले तर ब्रेक लागतात आणि बाहेर चकतीवर सांडले तर लागत नाहीत. यतीनने निष्काळजीपणे तेल सांडले, अशी लेखी तक्रार क्लबचा सेक्रेटरी म्हणून अजितने केली होती आणि सगळ्यांसमोर वाचूनही दाखवली होती. गुरुवारी सभेत निर्णय व्हायचा होता.

"ताई, दुकानाच्या ओनरने सरळ सांगितलंय," यतीन म्हणाला. "क्लबने ठपका ठेवला तर शुक्रवारपासून येऊ नकोस. आणि हे गाव केवढं? मग माझ्या हातात पाना कोण देणार?"

"तू सांडलं होतंस?"

"नाही."

"नक्की? थकला असशील, दोन शिफ्ट केल्या असशील..."

"ताई, आता तू पण?"

मेधाने मान खाली घातली. मी चहाच्या कपात बघत बसलो. खरे सांगायचे तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

"मी चकत्या पुसून, ब्रेक दाबून बघून गेलो होतो," यतीन उठत म्हणाला. "मी सांडलं नाही, म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी ते तिथे लावलं. हे कोणी बोलतच नाहीये."

२

तासाभराने मी आणि मेधा गेलो तेव्हा अजितच्या दारात गाडी उभी होती आणि तिच्या बोनेटवर झेंडूचा हार वाळत पडला होता.

"काका, या या," अजित म्हणाला. हा पुण्याचा इंजिनिअर, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे असले की मेधाच्या आधी हाच गाडी काढतो. "हाराकडे बघू नका. खंडेनवमीला बायको गाडीची पूजा करते आणि रजिस्ट्रेशनचा रेगो मी भरतो. देव एकदा रेगो भरेल तर मी पण हात जोडेन."

"ऐकलंत?" त्याची बायको चित्रा दारातून म्हणाली. "गाडी, मिक्सर, याचा लॅपटॉप, सगळ्यांची पूजा मी एकटीने केली. हा लांब उभा राहून फोटो काढून ग्रुपवर टाकतो, इन्क्रेडिबल इंडिया म्हणून. नास्तिक आहे म्हणे. मोदकांना मात्र पहिल्या पंगतीला."

"मोदक सेक्युलर असतो," अजित म्हणाला. मी हसलो. तो नेहमीच मला हसवतो.

"गिलियनच्या सायकलची पण केलीस पूजा?" मेधाने सहज विचारले.

"मनात होतं गं. पण ती गॅरेजमध्ये कुलपात. किल्ली याच्याकडे. म्हटलं, राहू दे."

अजितने गॅरेज उघडले. "अपघातानंतर सायकल व्हॅनमधून थेट इथे आली. तेव्हापासून किल्ली माझ्या खिशात. कोणाला हात लावू दिला नाही मी. एव्हिडन्स आहे, मेट."

पुढचे चाक वाकडे झाले होते. हँडलला पांढरी टेप गुंडाळलेली होती आणि बरोबर मध्यभागी, दोन्ही हातांच्या मध्ये, एक तांबडा डाग होता.

"हे बघ," अजितने बोट ठेवले. "ब्रेकचं तेल असंच लालसर असतं. आणखी काय पुरावा पाहिजे? मलाही वाईट वाटतं गं. यतीन आपला पोरगा आहे. पण नियम म्हणजे नियम."

मेधा खाली बसली. ब्रेकच्या चकतीला वजन कमी करायला बारीक भोके पाडलेली असतात. त्या भोकांत पांढरे काहीतरी घट्ट बसले होते. तिने नखाने थोडे खरवडले. बाहेर सकाळची थंडी होती, गॅरेज तर बर्फासारखे. तिने तो कण चिमटीत धरला. थोड्या वेळाने तिची बोटे ओली दिसली.

"वितळलं," ती म्हणाली.

"ग्रीस असेल."

"असेल." तिने वास घेतला. वास काहीच नव्हता. "अजित, शुक्रवारी यतीन गेल्यावर इथे कोण आलं होतं?"

अजित कुलपाशी चाळा करत होता. 

"सांगायला नको वाटतं," तो म्हणाला. "ऋतिका आली होती."

३

ऋतिका त्याच क्लबची, विशीतली, युनीत म्हणजे युनिव्हर्सिटीत शिकणारी. शर्यतीत ती दुसरी आली होती. गिलियन पडली आणि त्या टीमने जानेवारीसाठी ऋतिकाला बोलावले. गावात कुजबुज सुरू झालीच होती.

ती युनीच्या कँटीनमध्ये भेटली. मेधाने प्रश्न पुरा करायच्या आत तिचे डोळे भरले.

"आंटी, सीरियसली? मी पंप घ्यायला गेले होते. माझा तुटला होता. अजितअंकलनी दार उघडलं, ते तिथेच उभे होते, मी पंप घेतला अँड आय लेफ्ट. दॅट्स इट!"

"तुला आत एकटीला सोडलं नाही?"

"नो! उलट घाई करत होते. त्यांच्या हातात काहीतरी होतं, वाटी का काय. म्हणाले, जा लवकर, उद्या रेस आहे, झोप." तिने नाक पुसले. "गिलियनने मला उतारावर वळायला शिकवलंय. शी हेल्ड माय सॅडल, आंटी. लहान मुलाला धरतात तसं. आणि आता सगळे माझ्याकडे असे बघतात. मी त्या टीमला अजून येस पण नाही म्हटलेलं."

मला तिच्याकडे बघवेना. सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधून तिची आई फोनवर रडत होती, असे चित्राने आदल्याच दिवशी सांगितले होते, आणि मी ते चवीने ऐकले होते.

"रेसच्या सकाळी गिलियनच्या सायकलला काही वेगळं दिसलं का?" मेधाने विचारले.

"नथिंग. थांबा, आम्ही सेल्फी काढला होता." तिने फोन पुढे केला.

दोघी हसत होत्या. गिलियनच्या सायकलचे हँडल मध्येच आले होते. पांढरी टेप, आणि तिच्या मध्यभागी बोटाएवढा ठिपका. मेधाने फोटो मोठा केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाबा," ती मराठीतच हळू म्हणाली, "सकाळी आपण बघितलेला डाग लाल होता ना?"

"होता की."

"इथे तो पिवळा आहे."

४

गिलियन हॉस्पिटलात खिडकीजवळ होती. उन्हाने रापलेली, हाडकुळी बाई. तिचे इंग्रजी मला अर्धेच कळते, पण ती सावकाश बोलली आणि राहिलेले मेधाने सांगितले.

"सुरुवातीला सपाटीवर ब्रेक जरा गुळगुळीत वाटले," ती म्हणाली. "वाटलं, दव पडलंय. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना सांगता आलं असतं. पण या वयात, त्या पोरींच्या समोर, शर्यत सुरू होताच मदत मागायची लाज वाटली. म्हातारी घाबरली, म्हणाल्या असत्या."

"आणि तुम्ही खरंच घाबरला होता?"

ती थोडी हसली. "उताराला. गेल्या वर्षी इटलीत पडले तेव्हापासून. गुरुवारी जेवताना मी अजित आणि चित्राला सांगितलंही. चित्राने माझा हात धरला. अजितने एक जोक मारला. मग मी निघताना माझ्यामागे अंगणात आला आणि म्हणाला, तुला काही होणार नाही, मी बघतो. त्याला काय बघता येणार होतं? पण बरं वाटलं."

मेधा उठायला लागली तेव्हा गिलियनने तिची बाही धरली.

"डॉक्टर, मला एकच सांगा. मी पडावी असं कोणाला वाटत होतं का? इतक्या वर्षांत मला कोणी कधी पाडलं नाही. पाडण्याएवढी मी कोणाच्या वाटेत आलेच नव्हते." तिने खिडकीकडे तोंड फिरवले. "हे कळल्याशिवाय मला झोप येणार नाही."

मेधाने तिचे पांघरूण नीट केले. गाडीत बसल्यावर तिने बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

"काय झालं?" मी विचारले.

"बाबा, चोर मिळाला तर बरं वाटतं. मला तो मिळू नये असं वाटायला लागलंय."

५

बुधवारी सकाळी मी अंघोळीच्या आधी, रोजच्यासारखी खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्याच्या मगमध्ये उभी केली होती. मेधा कॉफी करायला आली आणि तिथेच उभी राहिली.

"काय बघतेस? इथलं तेल आहे, सुपरमार्केटातलं," मी म्हणालो. "ना वास, ना चव. वर थंडीने दगड होतं. आपल्याकडे निदान उन्हात तरी ठेवता येते बाटली."

तिने बाटली उचलली. वरचे तेल सुटले होते, तळाशी पांढरे होते. तिने त्यातले थोडे बोटावर घेतले. मग फ्रीज उघडून एक छोटी कुपी काढली. यतीनकडून तिने मंगळवारीच ब्रेकचे तेल मागून घेतले होते. रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही ते पाण्यासारखे पातळ होते.

 मग ती अंगणात गेली आणि आमच्या झाडाचे एक लिंबू तोडून आणले.

"यतीनला फोन करा," ती म्हणाली. "म्हणावं, अजितच्या गॅरेजवर ये. आणि बाबा, तुम्हीही चला. मला एकटीला हे जमणार नाही."

६

गॅरेजात आम्ही पाचजण होतो. अजित दाराशी, त्याच्यामागे चित्रा, यतीन सायकलपाशी. तो आणि अजित एकमेकांकडे बघत नव्हते.

मेधाने लिंबू चिरले आणि हँडलवरच्या लाल डागावर पिळले.

आमच्या डोळ्यांदेखत लाल रंग विरला आणि खालून पिवळा वर आला. चित्राच्या तोंडून "अगं बाई" निघाले. कोणत्याही मराठी बाईला तो रंग ओळखायला वेळ लागत नाही.

"हळद," मेधा म्हणाली. "हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि आंबट लागलं की परत पिवळी. ब्रेकचं तेल असं करत नाही. शर्यतीच्या सकाळच्या फोटोत हा ठिपका पिवळा आहे. म्हणजे तो शर्यतीच्या आधी लावला आणि अपघातानंतर कोणीतरी साबणाने धुतला. चकतीवरचं पांढरं म्हणजे खोबरेल तेल. थंडीत गोठतं. यतीनचं तेल गोठत नाही, मी बघितलंय."

"लोखंडाला तेल आणि वर हळदीचं बोट," चित्रा पुटपुटली. "खंडेनवमी." मग घाबरून म्हणाली, "मेधा, मी नाही गं केली! शपथ. किल्ली..."

ती तिथेच थांबली.

"हो," मेधा म्हणाली. "किल्ली. अपघातानंतर सायकलला कोणी हात लावला नाही, किल्ली माझ्या खिशात होती, हे मला अजितनेच सांगितलं. मग डाग धुणारा एकच माणूस उरतो."

अजितने हसायचा प्रयत्न केला. "काहीतरीच काय? मी? पूजा? सगळ्या वेरिबीला माहीत आहे मी..."

"म्हणूनच कोणाला वाटलं नाही. चित्राने केली असती तर तिने पहिल्या दिवशीच रडत सांगितलं असतं. लपवायची गरज ज्याला लाज वाटते त्यालाच पडते. ऋतिका आली तेव्हा तुझ्या हातात वाटी होती, अजित."

 मग अजित तिथल्या रंगाच्या डब्यावर बसला.

"आमच्या वडिलांचा लेथ होता, चिंचवडला," तो म्हणाला. "खंडेनवमीला ते सगळं लोखंड खोबरेल तेलाने पुसायचे. प्रत्येक पाना, प्रत्येक पातं, चमकेपर्यंत. मग हळदीचं बोट. म्हणायचे, वर्षभर यांनी आपल्याला सांभाळलं, एक दिवस आपण त्यांना सांभाळायचं. आदल्या रात्री गिलियन घाबरली होती रे. मला दुसरं काही सुचलं नाही. त्या चकत्या चमकत होत्या, वाटलं, हेच लोखंड..." त्याने तोंड झाकले. "मी क्लबचे कागद बघतो, सायकल चालवत नाही. ब्रेक तिथे लागतो हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

"ती चूक होती," मेधा म्हणाली. "नंतरचं काय?"

"सायकल परत आली तेव्हा डाग दिसला. वाटलं, लोक हसतील. म्हणतील, अजित, तू पण? फक्त तेवढ्यासाठी मी कपड्यांच्या साबणाने पुसला. तो लाल झाला. संध्याकाळी क्लबवाले आले आणि एकजण म्हणाला, हे ब्रेकचं तेल सांडलेलं दिसतंय. तेव्हा कळलं मी काय केलंय." त्याने यतीनकडे बघितले. "आणि मी म्हणालो, हो. तसंच दिसतंय."

चित्रा पुढे आली. मला वाटले ती त्याच्या खांद्यावर हात ठेवेल.

"देवापुढे हात जोडताना दिसायची लाज वाटली," ती म्हणाली. "या पोरावर खोटं लिहिताना नाही वाटली?"

आणि ती आत निघून गेली.

अजित यतीनसमोर उभा राहिला. "यतीन, आय अॅम सॉरी. मी तक्रार मागे घेतो. उद्याच ईमेल करतो सगळ्यांना, गैरसमज झाला म्हणून."

"गैरसमज?" यतीन म्हणाला. इतके दिवस तो रडका दिसत होता. आता दिसत नव्हता. "तक्रार सगळ्यांच्या समोर वाचलीस ना, अजितदादा? मग हेही तिथेच वाच."

७

त्याच दुपारी मेधा अजितला घेऊन गिलियनकडे गेली. मीही गेलो, आणि जायला नको होते असे आत शिरताच वाटले. अजितने सगळे सांगितले. बोलताना तो पलंगाच्या पायाकडे बघत होता.

गिलियनने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "म्हणजे मी पडावी असं कोणालाच वाटत नव्हतं?"

"नाही," मेधा म्हणाली. "उलट."

ती हसू लागली, पण खांद्याच्या दुखण्याने हसता येईना, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी पूजा केली," ती म्हणाली, "आणि मला सांगायला लाजला. अजित, तू सांगितलं असतंस तर मी तुझा गालगुच्चा घेतला असता आणि चकत्या पुसल्या असत्या."

अजित खुर्चीकडे वळला. ती त्याला बस म्हणाली नाही.

"मला तुझा राग येईल," ती म्हणाली. "आज नाही, पण येईल. आधी त्या मुलाचं नाव साफ कर."

गुरुवारच्या सभेला हॉल भरला होता. अजित उभा राहिला. त्याच्या हातात तीच तक्रार होती. तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला, शब्द न शब्द तसाच, फक्त जिथे जिथे यतीनचे नाव होते तिथे त्याने स्वतःचे घेतले. अजितने निष्काळजीपणे तेल लावले. अजितने ते कोणाला सांगितले नाही. अजितवर विश्वास ठेवून एक खेळाडू उतारावर गेली. शेवटी थांबून त्याने न लिहिलेले एक वाक्य म्हटले, "आणि अजितने दुसऱ्यावर ढकलले."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. त्या हॉलमध्ये यतीनला आधीच दोषी ठरवले नव्हते असा माणूस बहुधा एकही नव्हता, आणि ऋतिकाबद्दल कुजबुजला नव्हता असाही. मीही माझ्या बुटांकडेच बघत होतो.

यतीन मागच्या रांगेतून उठला. अजितने हात पुढे केला. यतीनने तो घेतला नाही. त्याने ऋतिकाकडे वळून विचारले, "तुझी सायकल बाहेर आहे का?"

"आहे. का?"

"आण. जानेवारीला जाणार असशील तर ब्रेक बघून देतो." मग तो आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला, "इथेच आण. सगळ्यांच्या समोर बघतो."

ऋतिकाने सायकल आत आणली. यतीनने हॉलच्या मधोमध ती उलटी केली आणि चाक फिरवले. तो चकती पुसत होता तोपर्यंत कोणीही उठून गेले नाही. अजितही नाही. तो उभाच होता, हात अजून थोडा पुढे, आणि तो मागे कधी घ्यावा हे त्याला कळत नव्हते.